रावलभाईंच्या नावाचं एक पत्र

ज्योतींद्र रावल यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते अंबालालशेठच्या गादीपुढे वाकून टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवून सांगत होते, "इथे." शेठनी सही केली.

"वाचा तरी," रावलभाई म्हणाले.

"तू लिहिलंयस ना? मग मी काय वाचू? मला कुठे इंग्रजी येतं?" शेठ म्हणाले आणि दोघंही हसले.

माझे यजमान मेहसाण्याला तेलाच्या विहिरींवर नोकरीला होते. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर मी उंझ्याच्या या पेढीत बिलं आणि मालाच्या तपासणीचे दाखले सांभाळायला लागले, ती आजतागायत आहे. पेढी इसबगोलची. शेतकऱ्याचा माल बाजारात यायचा, गिरणीत त्याची भुसी व्हायची आणि ती जर्मनी, जपान, अमेरिका कुठे कुठे जायची. शेठचा माल आणि रावलभाईंचं इंग्रजी यांवर पेढी उभी आहे, असं शेठ स्वतः चारचौघांत म्हणायचे. रावलभाई सिद्धपूरचे. औदिच्य ब्राह्मण, उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. रोज एस.टी.नं यायचे आणि आल्यावर आधी देवघरातल्या उमियामातेला हात जोडायचे. दिवा मी लावायची, उदबत्ती ते लावायचे. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही, तसं आपोआप ठरून गेलं होतं.

पत्रं शेठच्या नावानं जायची. टाइपरायटर गेला, फॅक्स आला, मग ईमेल आलं, तरी खाली नाव एकच, अंबालाल. उंझ्यात हे कुणाला वावगं वाटत नाही. पेढी वडीलधाऱ्याच्या नावावर चालते. तो गेला तरी पाटी बदलत नाहीत, फक्त भिंतीवर हार घातलेला फोटो येतो. अंबालालशेठ गेले त्या दिवशी त्यांच्या जशुभाईंनी, म्हणजे मुलानं, स्मशानातून आल्यावर रावलभाईंना बाजूला घेतलं होतं.

"परदेशात काही कळवू नका. बापुजी गेले म्हटल्यावर लगेच भाव पाडायला लागतील. म्हणतील, पोरगा नवा आहे."

"मग पत्रं?"

"पत्रं काय, तुम्ही लिहिता तशी लिहा. आजवर बापुजी लिहीत होते का?"

रावलभाईंनी मला हे नंतर सांगितलं. म्हणाले, "कुंदाबेन, बाराव्यापर्यंत मला वाटलं, हे थोडे दिवस. मग वाटलं, वर्षश्राद्धापर्यंत. मग मी वाट बघायचं सोडलं."

तर अंबालालशेठ गेल्यावरही पत्रं लिहीत राहिले. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत राहिले. कुणी भेटीला येतो म्हटलं तर शेठ हरिद्वारला गेलेले असायचे. कुणी फोन केला तर शेठना ऐकू कमी यायचं. आम्ही सगळे त्यात इतके मुरलो होतो, की एकदा गोदामातला एक हमाल मला म्हणाला, "शेठनी जर्मनीला काय लिहिलंय, माल उद्या भरायचा का परवा?" आणि मीही वर न बघता सांगितलं, "परवा."

हॅम्बुर्गला डेटलेफ ब्रांडेस नावाचे एक जुने गिऱ्हाईक होते. त्यांची आणि अंबालालची, म्हणजे रावलभाईंची, भाव आणि जहाज सोडून दुसरीही पत्रं चालायची. ब्रांडेसच्या बायकोचे गुडघे दुखायचे, त्यावर रावलभाई तिळाचं तेल सुचवायचे. ती गेली तेव्हा रावलभाईंनी एक पत्र लिहिलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. ब्रांडेस विचारायचे, तुझ्याकडे काय नवं? मेलेल्या माणसाकडे काय नवं असणार? म्हणून रावलभाई आपलंच लिहायचे. वडोदऱ्याला लेकीला मुलगी झाली, तेव्हा लिहिलं, घरात नात आली. महिन्याभरानं हॅम्बुर्गहून पुडकं आलं. त्यात लोकरीची इवलीशी टोपी. पुडक्यावर नाव अंबालालचं, म्हणून ते सरळ बंगल्यावर गेलं. बंगल्यावर तेव्हा तान्हं मूल नव्हतं. "हे कुणासाठी रे?" म्हणून सगळे हसले आणि टोपी ड्रायव्हरच्या घरी गेली. रावलभाईंना कळलं. त्यांनी मागितली नाही. मी म्हटलं, "अहो, सांगायचं ना, तुमच्या नातीची आहे म्हणून." ते म्हणाले, "काय सांगू? टोपी अंबालालच्या नातीला आलीय."

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या चारही कॉम्प्युटरवर ईमेलचा जो प्रोग्रॅम होता तो फार जुना झाला होता. तो बनवणाऱ्यांनीच त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. पत्रं इतकी साठली होती की सकाळी उघडायला लावला, की चहा होईपर्यंत उघडायचा नाही. गेल्या मोसमात ऐन फाल्गुनात तो दोन दिवस उघडलाच नाही आणि जपानचा एक सौदा हातचा गेला. जशुभाई चिडले. मेहसाण्याच्या कॉम्प्युटरवाल्याला, चिराग सोनीला, बोलावून घेतलं. तो म्हणाला, "शेठ, हा आता म्हातारा झाला. दुसरा घ्या. पर्याय पुष्कळ आहेत, कुणीतरी बसून बघायला पाहिजे."

"रावलभाई बघतील," जशुभाई म्हणाले. "पत्रं त्यांची. त्यांना जो बसेल तो घ्या."

त्या दिवशी दुपारी डबे उघडले तेव्हा रावलभाई मला म्हणाले, "मी येत्या होळीला काम सोडणार आहे, जशुभाईंना सांगून झालंय. त्याआधी एक इच्छा आहे." हांडव्याचा तुकडा हातात तसाच होता. "ब्रांडेसला एक पत्र लिहायचं आहे, माझ्या नावानं. इथूनच, पेढीतून, राजीखुशीनं. की अंबालालशेठ देवाघरी गेले, आणि आजवर तुला लिहीत होता तो मी, ज्योतींद्र रावल. बस. एकच पत्र."

"मग लिहा की. कोण अडवतंय?"

"आत्ता सगळं एकाच नावानं जातं ना. मी माझं नाव घातलं तर चोरी. पेढीनं माझं नाव दिलं, तर ते पत्र." मग हळूच म्हणाले, "चिराग सांगत होता, भाड्याचा एक प्रोग्रॅम आहे. त्यात एका नावावर चार जण बसू शकत नाहीत. ज्याचं पत्र त्याचं नाव. नियमच आहे त्यांचा."

त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी आधी एकदाच पाहिला होता, नात झाली तेव्हा.

पण ते रावलभाई. त्यांना लगेच भाड्याचा घ्या असं सांगता येईना. दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "कुंदाबेन, निवड करणाऱ्याचा स्वतःचा फायदा असला, तर निवड खोटी पडते का हो?"

मी म्हटलं, "मातेसमोर विचारताय, तर तिलाच विचारा. मी म्हणेन, चिरागनं सुचवलेले तिन्ही नीट वापरून बघा. मग जो बरा, तो घ्या. तुमचा फायदा त्यातच असला, तर तो तिनं दिला समजा."

तसंच त्यांनी केलं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. एक प्रोग्रॅम फुकटचा होता, अगदी जुन्यासारखा. पत्रं ज्या त्या कॉम्प्युटरमध्येच ठेवायचा, म्हणजे माझ्याकडचा दाखला त्यांना हवा तर उठून माझ्या टेबलाशी यावं लागे. दुसराही फुकट होता, दिसायला छान, पण गुजराती अक्षरं पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्या चौकटी व्हायच्या आणि जुनी पत्रं त्यात आणताना तारखा उलटसुलट झाल्या. वाघोडियाच्या प्रयोगशाळेचे मोठे अहवाल दोघांनाही पेलायचे नाहीत. तिसरा भाड्याचा, माणशी महिन्याला इतके असा. त्यात जुनी पत्रं जशीच्या तशी आली. अहवाल गेले. शोधायला एक शब्द टाकला की अंबालालशेठ हयात असतानाचंही पत्र समोर यायचं. रावलभाई तर एखाद्या शत्रूसारखे त्याच्यातली खोट शोधत होते. चिराग मला म्हणाला, "बेन, यांना प्रोग्रॅम घ्यायचाय का त्याचं लग्न ठरवायचंय?"

"सोयरीकच आहे," मी म्हटलं. "मुलगी द्यायचीय."

शेवटी जशुभाईंपुढे बसले. तिसरा का, ते त्यांनी सांगितलं. भाडं ऐकून जशुभाईंनी कपाळाला हात लावला.

"पत्र पाठवायला भाडं? पोस्टमनला पगार देतात ते ऐकलं होतं. आणि डोकी किती मोजायची?"

"प्रत्येक माणसाचं वेगळं. एका नावावर एकच माणूस बसायचा, असा नियम आहे त्यांचा."

"रावलभाई, खरं सांगा, फुकटाचा चालणार नाही?"

"चालेल. पण मग पुढच्या फाल्गुनात पुन्हा चिरागला बोलवावं लागेल."

जशुभाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही म्हणाल तो. लाभपाचमीला मुहूर्त करू."

आमच्याकडे दिवाळीला पेढी मिटते ती लाभपाचमीला उघडते. नवं जे काही सुरू करायचं ते त्या दिवशी. रावलभाईंनी दिवाळीच्या आधीच घरी बसून पत्र लिहून ठेवलं होतं. धनतेरसेला मला वाचून दाखवलं. मला इंग्रजी बेताचंच कळतं, पण ते प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत होते. लहानसंच होतं. शेठ केव्हा आणि कसे गेले. का कळवलं नाही, त्यात जशुभाईंना दोष येणार नाही असं. तुमची पत्नी गेली तेव्हा मी लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं. टोपी मिळाली, नात आता शाळेत जाते. खाली नाव.

"टोपी मिळाली असं लिहिलंत?" मी म्हटलं.

"त्यानं प्रेमानं पाठवली. मिळाली नाही असं कसं लिहू?"

लाभपाचमीला सकाळी गुरुजी आले. चारही कॉम्प्युटरना कुंकवाचे साथिये, म्हणजे स्वस्तिक, काढले, नारळ फोडला, मोहनथाळ वाटला. जशुभाईंची सून हेतल त्या दिवसापासून पेढीत बसणार होती, ती नवी साडी नेसून आली होती. अहमदाबादला शिकलेली, बोलायला गोड पोर. रावलभाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. चिरागनं प्रोग्रॅम उघडला. आम्ही सगळे पडद्यासमोर गर्दी करून उभे. नावं एकाखाली एक आली. जशुभाई पटेल. हेतल पटेल. कुंदाबेन, बिल विभाग. आणि चौथं, अंबालाल पटेल.

रावलभाईंनी चष्मा पुसला. "चिराग, खाली आणखी आहेत का?"

"चारच दिलीत शेठनी," चिराग म्हणाला. तो दुसरीकडे बघत होता.

जशुभाई मोहनथाळ खात होते. सहज म्हणाले, "रावलभाई, तुम्ही बापुजींच्या नावावर बसा ना. बसताच की इतकी वर्षं. होळीपर्यंतचा तर प्रश्न. तेवढ्यासाठी वेगळं नाव भाड्यानं कशाला घ्यायचं? तुमच्यानंतर हेतल बसेल तिथे."

"पण त्यांचा नियम..." रावलभाई म्हणाले. "एका नावावर एकच माणूस."

"एकच तर आहे. अंबालाल. दुसरं कोण आहे त्यावर?"

कुणीतरी हसलं. जशुभाई टोमणा मारत नव्हते, तेच वाईट. त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच. ते हिशोब सांगत होते.

प्रत्येक नावाशेजारी फोटो लागतो, म्हणून चिरागनं भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून लावला होता. हार कापायचा खूप प्रयत्न केला होता, पण शेठच्या कानाशी झेंडूच्या दोन पाकळ्या राहिल्याच. आणि नावाखाली हिरवा ठिपका पेटला होता.

"हा हिरवा काय?" हेतलनं विचारलं.

"म्हणजे माणूस हजर आहे," चिराग म्हणाला.

जशुभाईंनी हात जोडले. "जय उमिया. बापुजींचा आशीर्वाद."

आम्हीही जोडले. रावलभाईंनीही.

दुपारी डबा उघडलाच नाही त्यांनी. मी म्हटलं, "जशुभाईंकडे मागा. एक नाव. स्वतःच्या पगारातून कापा म्हणावं."

"मागितलं तर देतील," ते म्हणाले. "तुम्हाला कळलं नाही, कुंदाबेन. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांना मी आठवलोच नाही. चार माणसं मोजली त्यांनी, त्यात एक मेलेला आठवला." मग डबा परत पिशवीत ठेवला. "आणि आठवण करून देऊन घेतलेलं नाव मला नको."

"मग याच खात्यावरून लिहा. खाली तुमचं नाव घाला."

"अंबालालच्या तोंडून सांगू, की अंबालाल मेले?"



नंतरचे महिने ते हेतलला शिकवत होते. अंबालालशेठचं इंग्रजी कसं असतं, ते. तिला हसू यायचं. "रावलकाका, 'हात जोडून कळवतो' हे प्रत्येक पत्रात?"

"हो. अंबालाल हात जोडल्याशिवाय भाव सांगत नाही."

"आणि आधी हवापाणी विचारायचं?"

"आधी हवापाणी, मग माणूस, मग माल. उलटं लिहिलंस तर त्यांना कळेल, हा दुसरा कुणी आहे."

"काका, तुम्ही तर त्यांना पुरतं घडवलंत," ती एकदा कौतुकानं म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच तुला सोपं जाईल."

होळीच्या आधी निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, चांदीचं नाणं. जशुभाई भाषणात म्हणाले, "रावलभाई म्हणजे बापुजींचा उजवा हात." रावलभाई दोनच वाक्यं बोलले आणि एस.टी. चुकेल म्हणून निघाले.

त्यांनी ते पत्र घरून पाठवलं. मोबाईलवर स्वतःचं नवं खातं उघडून. मला फोन आला, आवाजात पोरासारखा उत्साह होता. "पाठवलं हो. मजकूर बदलला नाही, फक्त वरचं एक वाक्य घातलं, की मी आता पेढीत नाही, पण जे लिहितोय ते खरं आहे."

मी देवाला साखर ठेवली.

आठवड्यानं हेतल सकाळी पडद्यासमोर बसली आणि एकदम म्हणाली, "बापरे, कुंदाबेन, हे बघा काय आलंय." जशुभाई चहा पीत होते. "वाच," ते म्हणाले. ती वाचत गेली. ब्रांडेसचं पत्र होतं, अंबालालला. प्रिय अंबालाल, सावध राहा. ज्योतींद्र रावल नावाचा कुणी माणूस एका परक्या पत्त्यावरून मला लिहितो आहे, की तू वारलास आणि इतकी वर्षं पत्रं तोच लिहीत होता. त्याला माझ्या पत्नीबद्दलही माहिती आहे, म्हणजे कुणीतरी आपली पत्रं चोरून वाचलेली दिसतात. पुढे पैसे मागेल. मी उत्तर दिलेलं नाही. तू पोलिसांना सांग. तुझा डेटलेफ.

हेतल वाचताना आधी हसत होती. शेवटाकडे ती हळू वाचू लागली.

जशुभाईंनी तिथूनच सिद्धपूरला फोन लावला. "रावलभाई, हे काय केलंत? आमच्या पार्टीला लिहिलंत? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून जशुभाई हेतलला म्हणाले, "लिही. धन्यवाद. या नावाचा कुणी माणूस आमच्याकडे काम करत नाही."

"पप्पा, पण काका..."

"खोटं आहे का? करतात काम? नाही ना? मग लिही."

तिनं लिहिलं. आधी हवापाणी विचारलं, मग हात जोडले. रावलभाईंनी शिकवलं होतं तसंच.

रामनवमीला पेढी बंद होती. मी देवळात जाऊन आले आणि तशीच सिद्धपूरला गेले. सरयूबेननी, त्यांच्या पत्नीनं, दार उघडलं. आत रावलभाई झोपाळ्यावर बसले होते. वरचं बटण उघडं होतं.

"या कुंदाबेन. छास घ्या."

सरयूबेन पेला ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुम्हीच समजवा यांना. दिवसभर मोबाईल उघडतात, मिटतात. मी म्हटलं, त्याला वाटलं तुम्ही चोर, तर वाटू दे. कोणत्या जन्माचा सोयरा लागतो तो?"

"सरयू," ते म्हणाले.

"काय सरयू? आयुष्यभर दुसऱ्याच्या बायकोचे गुडघे विचारलेत. माझे विचारलेत कधी?"

त्या आत गेल्या. रावलभाई थोडे हसले. मग म्हणाले, "ब्रांडेसचं चुकलं नाही. मागे पेठेतल्या एका पेढीच्या गिऱ्हाइकाला खोट्या पत्त्यावरून कुणीतरी गंडवलं होतं. तेव्हा मी सगळ्यांना कळवलं होतं. या पत्त्याखेरीज दुसऱ्या पत्त्यावरून आमचा माणूस म्हणून कुणी लिहिलं, तर तो चोर समजा, उत्तर देऊ नका, आणि लगेच मला कळवा. मला, म्हणजे अंबालालला. त्यानं अक्षर अन् अक्षर पाळलं." छास एका घोटात संपवली. "चांगलं लिहिलं होतं ते पत्र मी."

"हेतलनं काय उत्तर दिलं, विचारणार नाही?" मी म्हटलं. मला ते पोटात ठेवून तिथे बसवत नव्हतं.

"सांगा."

मी सांगितलं. या नावाचा कुणी माणूस आमच्याकडे काम करत नाही.

त्यांनी मान हलवली. "खोटं नाही. आता नाहीच करत." झोपाळ्याला पायानं झोका दिला. "तिनं त्याला शतावरीचं विचारलं का?"

"कसली शतावरी?"

"या दिवसांत त्यांच्याकडे भाजीची पांढरी शतावरी निघते. बायको होती तोवर ती आणायची. गेल्यापासून तो आणत नाही. दर वर्षी या सुमाराला अंबालाल त्याला लिहितो, या वेळी तरी एक जुडी आण, दोघांपुरती शिजव. हेतलला सांगा. नाहीतर त्याला चुकल्यासारखं वाटेल."

मला म्हणावंसं वाटलं, वाटू दे. त्याला संशय येऊ दे. एवढी एकच फट उरली आहे, ती तुम्ही कशाला बुजवता? पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते बोलले नाही. त्यांना तो माणूस एकटा जेवायला नको होता, बस, एवढंच होतं.

सोमवारी मी हेतलला निरोप दिला. तिनं दोन ओळी लिहिल्या. संध्याकाळी पेढी मिटायच्या आत उत्तर आलं, लांबलचक. जशुभाईंनी वाचायला लावलं. प्रिय अंबालाल, आणली एक जुडी. तुझं पत्र वाचून डोळे भरले. जगात दुसऱ्या कुणाला हे आठवणार नव्हतं. तुला कबूल करतो, त्या भामट्याचं पत्र आल्यापासून मी धास्तावलो होतो, तो इतकं नेमकं लिहीत होता, की एक रात्र मला खरं वाटलं. आता शंका उरली नाही. माणूस पत्ता चोरेल, पत्रं चोरेल, पण तुझं मन कुठून चोरेल? मी तुला ओळखतो.

जशुभाई भिंतीवरच्या फोटोकडे बघून हात जोडून म्हणाले, "बघा. याला म्हणतात बापुजींचं नाव." मग हेतलकडे वळले. "गरम आहे तोवर या मोसमाचा भाव कळवून टाक त्याला. दोन टक्के चढवून."